कपडे बदलायची जागा

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी टीव्हीवर डेट्रॉइटची मॅच असतेच. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या आसपास राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबं त्या दिवशी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतो, टर्कीला फाटा देऊन पावभाजी करतो, आणि मुलं सोफ्यावर लोळत अमेरिकन फुटबॉल बघतात. यंदा मैत्रिणीचे सासरे नागपूरहून आले होते. त्यांना हा खेळ कळत नव्हता आणि ते लपवायची गरजही वाटत नव्हती. दर थोड्या वेळानं ते नातवाला विचारायचे, "आता काहून थांबले हे?" नातू १४ वर्षांचा, उत्साही, तो प्रत्येक वेळी नव्यानं समजावून सांगायचा. मध्येच कुठल्याशा प्रशिक्षकाला काढून टाकल्याची बातमी आली आणि मुलानं सांगितलं, की आता नवा माणूस नेमण्याआधी त्यांना निदान दोन अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्याच लागतील, तसा नियम आहे. "म्हणजे इथेही आरक्षण आलंच म्हणा!" आजोबा म्हणाले, आणि बेसमेंटभर हशा पिकला. मुलगा हसला नाही. "नोकरी नाही हो आबा, फक्त मुलाखत," तो म्हणाला. मग आठवल्यासारखं करून, "आणि पहिला ब्लॅक कोच तर शंभर वर्षांपूर्वीच झाला. इथं, आपल्या ॲक्रनला." मोठ्यांपैकी कुणाचा विश्वास बसेना. आबांचा मात्र बसला असावा, कारण त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "शंभर वर्षांपूर्वीच झाला, तर मग नियम कशाला लागला?"

तेवढ्यात पावाची दुसरी खेप आली. प्रश्न तिथंच राहिला.

मला तो आरक्षणावरचा हशा टोचला हे खरं, पण तो ओळखीचा आहे. परदेशात आलं तरी तो सामानातून येतो. आबांचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यात कुचकेपणा नव्हता. ज्या गोष्टीची सुरुवात झाली ती पुढे वाढत जायला हवी, असा त्यांचा साधा हिशेब होता. आपण सगळेच इतिहास असा मोजतो. पहिला आला, मग दुसरा आला, मग दहा आले. मधेच कुणीतरी दार ओढून घेतलं असेल, हे मनात येत नाही. कामानिमित्त माझं ॲक्रनला जाणं-येणं असतं. विटांच्या जुन्या कारखान्यांवरून, त्यांच्या उंच धुराड्यांवरून, गुडइयर या टायर कंपनीचं नाव लिहिलेल्या इमारतींवरून गाडी जाते. टायर आता तिथं पूर्वीसारखे बनत नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या, त्या गावात वाढलेल्या एक बाई सांगतात, की त्यांच्या लहानपणी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही रबराचा वास यायचा आणि घरातली मोठी माणसं म्हणायची, हा पगाराचा वास आहे. त्या दिवसानंतर मी त्या रस्त्यावर काच खाली करून बघितली. नुसती थंडी आत आली.

१९१० साली ॲक्रनची वस्ती ६९ हजार होती. १९२० साली २ लाख ८ हजार. दहा वर्षांत गाव तिप्पट. मोटारी वाढल्या, मोटारींना टायर लागले, आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून, त्याच्याही खालच्या दक्षिणेतून माणसांचे लोंढे आले. खोल्या मिळेनात, तेव्हा एकच पलंग पाळीपाळीनं भाड्यानं दिला जायचा. एक कामावर गेला की दुसरा त्याच उबेत झोपायचा. आमच्या गिरणगावातल्या खोल्यांच्या गोष्टी ऐकत मोठी झाल्यामुळे हे वाचताना मला काही नवल वाटलं नाही. अशा माणसांना रविवार मोकळा मिळायचा. शनिवार कॉलेजांच्या मॅचचा, साहेबांच्या पोरांचा. रविवार कामगारांचा. आणि त्या रविवारी ओहायोच्या गावागावांत, ॲक्रन, कॅन्टन, मॅसिलन इथं, पैसे घेऊन फुटबॉल खेळणारे संघ एकमेकांवर तुटून पडायचे. पैजा लागायच्या. कॉलेजात शिकणारी पोरं शनिवारी आपल्या नावानं आणि रविवारी खोट्या नावानं खेळायची. डोक्याला चामड्याची टोपी, तीही ज्याला हवी त्यानं घालावी. तोंडावर काहीच नाही. तेच अकरा जण चढाई करणार आणि तेच बचावही करणार, पूर्ण साठ मिनिटं. आजच्या खेळाडूंची अंगावरची तटबंदी बघितली, की त्या चामडी टोप्यांचे फोटो एखाद्या दुसऱ्याच खेळाचे वाटतात.

पैसे घेऊन खेळणं ही त्या काळी खालची गोष्ट होती. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गमधल्या एका सामन्यासाठी अ‍ॅलेगेनी ॲथलेटिक असोसिएशननं येल विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या पज हेफेलफिंगर नावाच्या धिप्पाड गड्याला ५०० डॉलर रोख दिले, वर २५ डॉलर प्रवासखर्च. प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून तो पळाला, टचडाउन झालं, म्हणजे चेंडू टोकाच्या रेषेपार गेला, त्याचे तेव्हा चार गुण मिळायचे, आणि सामना ४-० असा संपला. पैशांची गोष्ट मात्र दाबून ठेवली गेली. क्लबच्या हिशेबाच्या कागदावरची ती नोंद लोकांसमोर यायला कित्येक दशकं जावी लागली. आज कॅन्टनच्या फुटबॉल संग्रहालयात, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, तोच कागद या धंद्याचा जन्मदाखला म्हणून मिरवतो. मला हा कागद फार आवडतो. ज्याला आज अब्जावधींचा व्यवसाय म्हणतात त्याचा उगम खर्चाच्या एका लपवलेल्या नोंदीत आहे. सभ्य घरातल्या मुलानं कॉलेजसाठी खेळावं, मग वकिली किंवा बँक पकडावी. रविवारी गिरणी कामगारांपुढे पैशांसाठी चिखलात लोळू नये, असं समजलं जाई. हा हलकेपणा लक्षात ठेवायला हवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

१७ सप्टेंबर १९२० रोजी या रविवारच्या संघांचे मालक कॅन्टनमध्ये राल्फ हे याच्या हपमोबील मोटारींच्या शोरूममध्ये जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डावर टेकले. दारूबंदी असूनही बादल्यांतून बिअर फिरली. तिथं जी संघटना उभी राहिली तिनं दोन वर्षांनी एनएफएल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, हे नाव घेतलं. सभासद होण्याची फी १०० डॉलर ठरली, आणि ती कुणी भरली नाही असं म्हणतात. अध्यक्ष म्हणून त्यांनी जिम थॉर्पला निवडलं. कारभार कळतो म्हणून नव्हे. वर्तमानपत्रांत छापून येईल असं नाव त्या खोलीत त्याचं एकट्याचं होतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेला आणि थोड्या पैशांसाठी आधी बेसबॉल खेळला होता म्हणून ती परत द्यावी लागलेला हा अमेरिकेतला मूलनिवासी माणूस, कॅन्टनच्या संघानं १९१५ पासून सामन्याला २५० डॉलर देऊन ठेवला होता. पैसे घेतले म्हणून एका जगानं हाकललं, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्या दुसऱ्या जगानं थेट अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं.

आमच्या त्या मुलानं ज्याचा उल्लेख केला तो फ्रिट्झ पोलार्ड त्याच मोसमात ॲक्रनकडून खेळत होता.

खरं नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. गुलामीविरुद्ध लढलेल्या डग्लसचं नाव बापानं पोराला दिलं. जन्म २७ जानेवारी १८९४, शिकागोच्या रॉजर्स पार्क भागात. शेजार सगळा जर्मन, म्हणून फ्रेडरिकचा फ्रिट्झ झाला. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात होते, नंतर केशकर्तनाचा धंदा करत. गोऱ्यांच्या वस्तीत एकटंच कृष्णवर्णीय घर. मुलांच्या शिक्षणाचा ध्यास असा, की बहीण नेओमी १९०५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. फ्रिट्झ सगळ्यांत चपळ आणि चणीनं लहान. मोठेपणीही उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, वजन ७५ किलो. मोठ्या भावांनी त्याला फुटबॉल शिकवला आणि त्याबरोबर पडायचं कसं तेही शिकवलं. खाली पाडलं गेल्यावर क्षणात पाठीवर वळायचं आणि दोन्ही पाय वर करून बुटांचे खिळे हवेत सायकल चालवल्यासारखे फिरवत राहायचं. म्हणजे शिट्टी वाजून गेल्यावर मुद्दाम अंगावर उड्या टाकणारे, गुडघे रोवणारे, ते जरा विचार करतील. समालोचकांना पुढे ही त्याची लकब गमतीची वाटली. मला त्यातली भावंडं दिसतात. घरामागच्या मोकळ्या जागेत धाकट्याला पुन्हा पुन्हा पाडून, वळ, पाय वर, अजून लवकर, असं घोकून घेणारी. खेळ कसा जिंकायचा याच्या आधी त्या घरात जिवंत कसं राहायचं ते शिकवलं जात होतं.

ब्राऊन विद्यापीठात तो १९१५ साली आला. वसतिगृहाच्या खोलीत इतर विद्यार्थ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून देण्याचा धंदा त्यानं थाटला आणि त्यावर खर्च भागवला. १ जानेवारी १९१६ ला ब्राऊनचा संघ कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला रोझ बोलच्या सामन्यासाठी गेला. मुक्कामाच्या हॉटेलात सगळ्यांना खोल्या मिळाल्या, त्याला देईनात; संघातल्यांनी आम्हीही राहत नाही म्हटल्यावर मिळाली. सामना मात्र पावसात, चिखलात झाला, ब्राऊन १४-० असा हरला. पुढच्या मोसमात त्याच संघानं लागोपाठच्या आठवड्यांत येल आणि हार्वर्ड या दोघांना हरवलं, असं करणारं ते पहिलं कॉलेज, आणि फुटबॉलचा जाणकार वॉल्टर कॅम्प यानं निवडलेल्या देशातल्या सर्वोत्तम अकरांमध्ये पोलार्डचं नाव आलं. बॅकफील्डमधला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या मागच्या फळीतला, पहिला कृष्णवर्णीय. तो रसायनशास्त्र शिकायला आला होता, पण वर्गात फार बसला असावा असं काही दिसत नाही. मला त्याचं हे बेफिकीर असणंही आवडतं. आपल्याला अशा माणसांकडून नेहमी आदर्श विद्यार्थीपणाची अपेक्षा असते.

मग महायुद्ध, सैन्यातली नोकरी, थोडी कॉलेजातली प्रशिक्षकगिरी, आणि १९१९ च्या शरद ऋतूत ॲक्रन.

ॲक्रनच्या संघाच्या मालकांपैकी एक फ्रँक नीड. त्याचं सिगारचं दुकान होतं. सामन्याच्या दिवशी बाकीचे खेळाडू मैदानावरच्या खोलीत कपडे बदलत; पोलार्ड नीडच्या त्या सिगारवाल्या जागेत बदलून येई. हे त्यानंच पुढे म्हातारपणी सांगितलं. गावातल्या खानावळी त्याला बसू देत नसत, हॉटेलं ठेवून घेत नसत. पुढे तो ज्या हॅमंड आणि मिलवॉकीकडून खेळला तिथंही हाल होते, पण ॲक्रनइतके नाहीत, असं त्याचं म्हणणं. प्रेक्षकांत दक्षिणेतून आलेले गोरे कामगार पुष्कळ होते, आणि गोऱ्यांचं वर्चस्व मिरवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा जोर त्या दशकात ॲक्रनमध्ये इतका वाढला, की शाळांच्या मंडळापर्यंत त्यांची माणसं पोचली. शिव्या दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांतून येत. मला मात्र शिव्यांपेक्षा ती खोली डोळ्यांसमोर येत राहते. लाकडी खोकी, तंबाखूचा गोडसर, दमट वास, कदाचित कोपऱ्यात एखादं स्टूल. तिथं एक माणूस शांतपणे शर्ट उतरवतोय, मोजे चढवतोय, बुटांच्या नाड्या आवळतोय. खेळाच्या आधीची ही वेळ खरं तर संघाची असते. एकमेकांची चेष्टा, कुणाच्या तरी पायाला पट्टी, शेवटच्या सूचना. ज्या माणसाच्या पायांवर गावानं पैजा लावल्या आहेत त्याला एक खुंटी देणं त्या गावाला जमत नव्हतं. आणि तरी नीडनं त्याला खेळवलं, पैसे दिले, आपली जागा उघडून दिली. नीड चांगला माणूस होता की चांगला व्यापारी, हे मला ठरवता येत नाही. बहुधा त्याला स्वतःलाही ते ठरवायची वेळ आली नसेल.

इथं मराठी माणसाला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाही. पुण्याच्या युरोपियनांच्या मैदानावर खेळपट्टी दुरुस्त करता करता साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारे बाळू, ज्यांना चर्मकार असूनही हिंदूंच्या संघात घ्यावं लागलं कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर सगळ्यांनी त्यांनी टाकलेल्या चेंडूला हात लावायचा आणि चहाच्या वेळी इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीचे कप, बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला आलं, म्हणजे पोलार्ड ज्या काळात प्रशिक्षकाचं काम करत होता साधारण त्याच काळात. दोन देशांतले दोन अपमान शेजारी ठेवून कोणता मोठा हे बघण्याची मला हौस नाही, आणि जात व वंश ही एकच गोष्ट आहे असंही मी म्हणणार नाही. पण बेसमेंटमधल्या हशातल्या काही जणांना बाळूंची ती मातीची भांडी नक्की ठाऊक होती, एवढंच.

१९२० च्या मोसमात ॲक्रन एकही सामना हरला नाही. आठ जिंकले, तीन बरोबरीत सुटले, आणि पूर्ण मोसमात प्रतिस्पर्ध्यांना मिळून फक्त सात गुण करू दिले. शेवटचा सामना १२ डिसेंबरला शिकागोत, डेकेटर स्टेलीजविरुद्ध. स्टेलीजचा कर्ताधर्ता जॉर्ज हॅलस; हाच संघ पुढे शिकागो बेअर्स झाला. हॅलसनं त्या एका दिवसापुरता दुसऱ्या संघाचा पॅडी ड्रिस्कॉल उसना आणला, इतका तो काळ मोकळाढाकळा होता. सामना ०-० असा सुटला. अंतिम सामना वगैरे भानगड तेव्हा नव्हतीच. एप्रिल १९२१ मध्ये मालकांनी ॲक्रनमध्ये बसून मतदान केलं आणि ॲक्रनला विजेते ठरवलं. त्यांना दिलेला चषक आज कुठं आहे कुणालाच माहीत नाही. त्याच वर्षी पोलार्ड एल्गी टोबिनबरोबर संघाचा प्रशिक्षक झाला. आजच्या सारखे कानाला यंत्र लावून बाजूला उभे राहणारे प्रशिक्षक नव्हेत. स्वतः खेळायचं आणि खेळता खेळता संघ चालवायचा. ब्राऊनमध्ये शिकलेल्या चाली त्यानं या कारखान्यातल्या आडदांड गड्यांना शिकवल्या. कपडे बाहेर बदलणारा माणूस आतल्या खोलीतल्यांना कुणी कुठं पळायचं ते सांगत होता, आणि ते ऐकत होते, कारण जिंकलं तर पैसे होते.

१९२१ मध्येच त्यानं पॉल रोबसनला ॲक्रनला आणलं. हा तोच रोबसन, पुढे जगभर गाजलेला गायक आणि नट. कोलंबियात कायदा शिकत होता आणि शनिवार-रविवारी गाडीनं येऊन खेळायचा. (१९५८ मध्ये त्याची साठी साजरी करायला भारतात समिती झाली तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. त्या समारंभात कुणाला त्याच्या फुटबॉलची आठवण आली असेल असं वाटत नाही.) पुढच्या वर्षी दोघं मिलवॉकीकडून खेळले, आणि त्या नोव्हेंबरात त्यांची गाठ पडली ऊरँग इंडियन्सशी. ओहायोतल्या लारू नावाच्या खेड्यातल्या वॉल्टर लिंगो या कुत्र्यांच्या व्यापाऱ्यानं आपल्या एअरडेल जातीच्या कुत्र्यांची जाहिरात करण्यासाठी फक्त मूलनिवासी खेळाडूंचा एक संघ उभा केला होता. प्रमुख खेळाडू आणि प्रशिक्षक जिम थॉर्प. मध्यंतरात विश्रांती नाही. खेळाडूंनीच कुत्र्यांबरोबर करामती दाखवायच्या, पारंपरिक नाच करायचे. मिलवॉकी १३-० असं जिंकलं, दोन्ही टचडाउन रोबसनची. त्या मैदानावर त्या दिवशी कोण कोण होतं बघा. ज्याची पदकं काढून घेतली तो थॉर्प, ज्याचा पासपोर्ट पुढे सरकार काढून घेणार होतं तो रोबसन, आणि पोलार्ड. हा धंदा हलका होता, म्हणून त्यात यांना जागा होती. ज्या दुकानाची पाटी धड लागलेली नाही तिथं कोण आत येतंय हे कुणी बारकाईनं बघत नाही.

मग पाटी लागली.

१९२५ च्या डिसेंबरात शिकागो बेअर्सनं कॉलेजातून थेट उचललेल्या रेड ग्रेंजला बघायला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या आसपास माणसं आली. खेळात पैसा आहे, आणि सभ्य माणसांचा पैसा आहे, हे मालकांना दिसलं. १९२७ मध्ये २२ संघांचे १२ केले. गिरण्यांची, खाणींची, टायरची गावं एकेक करून गेली, ॲक्रनही गेलं. काही वर्षांत मोठी शहरंच तेवढी राहिली, एक ग्रीन बे सोडलं तर. पोलार्ड १९२६ नंतर एनएफएलमध्ये खेळला नाही. १९२० ते १९३३ या काळात मिळून तेरा कृष्णवर्णीय खेळाडू या संघटनेत खेळले, आणि १९३४ पासून एकही नाही. बारा वर्षं शून्य. लेखी नियम नव्हता. मंदी होती, गोऱ्यांनाच काम नाही तर, असं म्हटलं जाई. बॉस्टनचा, मग वॉशिंग्टनचा मालक झालेल्या जॉर्ज प्रेस्टन मार्शलनं आपलं मत कधी लपवलं नाही. पोलार्डनं मात्र शेवटपर्यंत हॅलसचं नाव घेतलं. हॅलसनं शेवटपर्यंत असा काही करार झाल्याचं नाकारलं. मला वाटतं कराराची गरजच पडली नसावी. बारा माणसं एका टेबलाभोवती बसतात, कुणीच काही बोलत नाही, आणि सगळ्यांना कळतं. सोसायटीत भाडेकरू कोण ठेवायचा हे जसं ठरतं.

पोलार्डवर लिहिणारे बहुतेक जण इथं थांबतात आणि त्याला काळोखात सोडून देतात. तो तिथं राहिलाच नाही, ही मला या आयुष्यातली सगळ्यांत रंगतदार गोष्ट वाटते. त्याची शिकागोत गुंतवणुकीची पेढी होती, ती मंदीत बुडाली. त्यानं शिकागो ब्लॅक हॉक्स नावाचा फक्त कृष्णवर्णीयांचा संघ काढला आणि गोऱ्या संघांविरुद्ध गावोगाव खेळवला. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला दुसरा संघ, मुष्टियोद्धा जो लुईच्या टोपणनावावरून ब्राऊन बॉम्बर्स. त्याच वर्षी वर्तमानपत्र काढलं, ते १९४२ पर्यंत चालवलं. कोळशाचा धंदा केला. हार्लेममध्ये स्टुडिओ काढला, गायक-नटांना कामं मिळवून देणारी एजन्सी चालवली, १९५६ मध्ये एक संगीतपट काढला. मग लोकांचे आयकर भरून देण्याचा व्यवसाय, तो पार ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत. मुलगा फ्रिट्झ धाकटा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक घेऊन आला, हिटलरच्या डोळ्यांदेखत. म्हातारा काही हुतात्मा नव्हता. थोडा बढाईखोर होता, आपल्या कमाईचे आकडे फुगवून सांगायचा, भांडायचा, पुन्हा नवा धंदा काढायचा. दया दाखवायला गेलेल्या माणसाच्या हाती तो लागत नाही. एक दार लागलं की पाठीवर वळायचं आणि पाय फिरवत राहायचे, ही तालीम घरूनच झालेली.

दार पुन्हा उघडलं ते १९४६ मध्ये. क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला, आणि तिथलं कोलिझियम मैदान सार्वजनिक पैशांचं होतं. कृष्णवर्णीय पत्रकारांनी उभं राहून विचारलं, की आमच्या कराच्या मैदानावर आमचा माणूस का नाही. केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड संघात आले. रॅम्स गेल्यावर क्लीव्हलंडला जो नवा ब्राऊन्स संघ आला तो तेव्हा दुसऱ्या लीगमध्ये होता. त्यानं त्याच वर्षी बिल विलिस आणि कॅन्टनमध्ये वाढलेला मॅरियन मॉटली घेतले. मार्शलचा वॉशिंग्टन संघ १९६२ पर्यंत अडून बसला. त्यांचं नवं मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं आणि केनेडींच्या मंत्र्यानं भेदभाव केलात तर मैदान मिळणार नाही असं बजावलं, तेव्हा कुठं हलला. दोन्ही वेळा कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नाही. जमीन सरकारची होती. खेळाडू आले, भरपूर आले, आज मैदानावर तेच जास्त दिसतात; पण पोलार्डनंतरचा दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल, तो झाला १९८९ मध्ये. मधली अडुसष्ट वर्षं आबांच्या प्रश्नाचं उत्तर आहेत. मुलाखतीचा नियम २००३ चा. त्याच वर्षी त्यासाठी झटणारी जी संस्था निघाली तिचं नाव फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स.

पोलार्ड ११ मे १९८६ रोजी गेला, ९२ वर्षांचा होऊन. आर्ट शेलची नेमणूक त्यानं पाहिली नाही. कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये हॅलस आणि थॉर्प १९६३ च्या पहिल्याच तुकडीत आले. पोलार्ड २००५ मध्ये. ॲक्रनहून कॅन्टनला अर्ध्या तासात पोचता येतं. मागच्या महिन्यात मी गेले होते. दारातच थॉर्पचा मोठा पुतळा आहे, धावतोय, चेंडू काखेत. आत एका अंधाऱ्या दालनात सगळ्यांचे कांस्य अर्धपुतळे फळ्यांवर ओळीनं मांडलेले, सगळे एकाच आकाराचे, एकाच उजेडात. पोलार्डचा चेहरा तिथं फारच सौम्य केलाय असं मला वाटलं. पुढे शाळेची एक सहल होती आणि गाईड मुलांना त्याच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल सांगत होता, बरोबरच सांगत होता, सिगारच्या दुकानासकट. मला त्या म्हाताऱ्याला वेगळंच काही विचारायचं होतं. नीड पैसे सामन्याआधी द्यायचा की नंतर? रोख द्यायचा? मोजून घ्यायचास का? आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब करणाऱ्या या माणसाला पहिल्यांदा मिळालेल्या रकमेचा आकडा सेंटपर्यंत आठवत असणार, आणि तो नक्कीच थोडा वाढवून सांगणार.